काकीचा होकार

चार वर्षांपूर्वीची, थंडीतली गोष्ट. दिवेलागणीला बारा पाहुणे दारात उभे. बेळगावातल्या कुणीतरी बुकिंग घेतलं होतं, पण निरोप वाडीत पोचलाच नव्हता. आमच्या रानात मोबाइलला रेंज नाही. काकीच्या चुलीवर चौघांपुरता भात होता. तिनं शेजारून तांदूळ आणले, सगळ्यांना जेवू घातलं. पाहुणे गेल्यावर एवढंच म्हणाली, "आमास्नी कोण इचारलं?"

गावच्या पर्यटनाची सुरुवात याच प्रश्नापासून व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

खानापूर तालुक्यात पाहण्यासारखं पुष्कळ. कणकुंबीला मलप्रभेचा उगम, हलशीला कदंबकालीन मंदिरं, नंदगडला संगोळ्ळी रायण्णांची समाधी. भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं; रानातली गावं त्याआधीची. म्हणून इथं पाहुणा येणार हे वनखातं, पंचायत, जीपवाला आणि चूल पेटवणारी बाई, सगळ्यांनाच ठाऊक असावं लागतं. बारापेडे गुहांत रॉटनचं वटवाघूळ राहतं, जगात फार थोड्या ठिकाणी आढळणारं. तिथं जायचा हट्ट का धरू नये, हे पाहुण्याला निघण्याआधीच सांगायला हवं.

भाषेचंही तसंच. सूचना कन्नडमध्ये, घरचं बोलणं मराठीत. कागद भिंतीवर चिकटला म्हणजे माणसांपर्यंत पोचला, असं होत नाही. आता आम्ही तो देवळात मराठीतून मोठ्यानं वाचतो. रोपलावणीच्या दिवसांत पर्यटनाची बैठक ठेवत नाही, आणि बायका आल्याशिवाय ती सुरू करत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला कासव महोत्सवाचे पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरतात. कासवाची पिल्लं जगली तर पाहुणे येतात, हे तिथं घरोघरी कळतं. आम्हालाही रानाचं नातं असंच चुलीशी जोडायचं आहे.

त्यासाठी फाट्यावरच्या दुकानात एक वही ठेवली आहे. बेळगावचा फोन दुकानदार घेतो. माणसं किती, कधी येणार, जेवण काय, ते लिहितो. चिठ्ठी दूधवाल्याबरोबर वाडीत जाते. घरातून होकार आला की मगच बुकिंग पक्कं. कुणाकडे किती पाहुणे उतरले, किती पैसे आले, तेही महिन्याला देवळात वाचलं जातं.

गेल्या सुगीत काकीची चिठ्ठी नातवाच्या अक्षरात आली: "चौघं चालतील. आठ नकोत. मळणी हाय."

पाहुण्यांनी तारीख बदलली. ती चिठ्ठी मी वहीत डकवून ठेवली आहे. काकीला 'नको' म्हणता आलं, आणि ते ऐकलं गेलं.