माँटगोमेरी : अलाबामाच्या राजधानीचा परिचय आणि तेथील शासकीय महाविद्यालयाची भूमिका

प्रस्तावना

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अनेक राज्यांच्या राजधान्या त्या त्या राज्यातील सर्वांत मोठी शहरे नाहीत. न्यूयॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनी, तर कॅलिफोर्नियाची सॅक्रॅमेंटो आहे. दक्षिणेकडील अलाबामा राज्याची राजधानी माँटगोमेरी हेही असेच मध्यम आकाराचे शहर होय. २०२० च्या जनगणनेनुसार या शहराची लोकसंख्या २,००,६०३ होती व राज्यात त्याचा तिसरा क्रमांक लागत होता. लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे साठ टक्के होते.

रोझा पार्क्स आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्यामुळे माँटगोमेरीचे नाव भारतीय वाचकास परिचित आहे. मात्र १९५५ च्या बस-बहिष्कारामागे राज्य शासनाच्या अनुदानावर चालणारे एक महाविद्यालय आणि तेथील प्राध्यापकवर्ग होता, याची चर्चा तुलनेने कमी झाली आहे. विधानभवनाच्या सान्निध्यात वसलेली शासकीय शिक्षणसंस्था नागरी हक्कांच्या प्रश्नावर किती आणि कशी भूमिका घेऊ शकते, हा प्रश्न या शहराच्या इतिहासात स्पष्टपणे उभा राहतो. शहराचा परिचय करून देत याच प्रश्नाचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

भौगोलिक व ऐतिहासिक पार्श्वभूमी

माँटगोमेरी हे शहर अलाबामा नदीच्या काठी वसले आहे. या परिसरातील काळसर, सुपीक मातीच्या पट्ट्यास ‘ब्लॅक बेल्ट’ असे म्हटले जाते. मूळचा हा प्रदेश मस्कोगी (क्रीक) या आदिवासी समाजाचा होता. १८१४ च्या फोर्ट जॅक्सन तहानुसार त्यांना आपल्या भूमीचा मोठा भाग सोडावा लागला व त्यानंतर गोऱ्या वसाहतकारांनी तेथे कापसाचे मळे उभारले. शेजारच्या दोन वस्त्या एकत्र करून डिसेंबर १८१९ मध्ये माँटगोमेरी शहराची स्थापना करण्यात आली. क्वेबेकच्या लढाईत १७७५ मध्ये मृत्यू पावलेले सेनानी रिचर्ड माँटगोमेरी यांचे नाव शहरास दिले गेले.

नदीतून चालणाऱ्या वाफेच्या बोटी आणि पुढे आलेली रेल्वे यांमुळे शहर कापसाच्या व्यापाराचे केंद्र बनले. कापसाबरोबर गुलामांचा व्यापारही वाढला. शहराच्या मध्यवर्ती कोर्ट स्क्वेअर या चौकात माणसांचे लिलाव होत असत. १८४६ मध्ये राज्याची राजधानी टस्कलूसा येथून माँटगोमेरीस हलविण्यात आली. कोर्ट स्क्वेअरपासून विधानभवनापर्यंत जाणारा डेक्स्टर अ‍ॅव्हेन्यू हा मार्ग जेमतेम अर्ध्या मैलाचा आहे. शहराच्या पुढील इतिहासातील बहुतेक महत्त्वाच्या घटना याच मार्गावर किंवा त्याच्या आसपास घडल्या.

१८६१ च्या फेब्रुवारी महिन्यात गुलामगिरीच्या रक्षणासाठी फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांनी माँटगोमेरी येथे आपला स्वतंत्र संघ स्थापन केला. १८ फेब्रुवारी रोजी जेफर्सन डेव्हिस यांनी विधानभवनाच्या प्रवेशद्वारी अध्यक्षपदाची शपथ घेतली. फोर्ट सम्टरवर हल्ला करण्याचा तारेचा संदेशही एप्रिल १८६१ मध्ये याच शहरातून गेला. पुढील महिन्यात या संघाची राजधानी रिचमंड येथे नेण्यात आली.

यादवी युद्धानंतर गुलामगिरी कायद्याने संपली. तथापि समानता प्रस्थापित झाली नाही. १९०१ च्या राज्यघटनेने मतदानकर, साक्षरता चाचणी इत्यादी अटी घालून बहुसंख्य कृष्णवर्णीयांचा मताधिकार व्यवहारतः काढून घेतला. शहरात १८८६ मध्ये विजेवर चालणारी ट्राम सुरू झाली होती. अशी व्यवस्था प्रथम स्वीकारणाऱ्या अमेरिकन शहरांत माँटगोमेरीची गणना होते. १९०० मध्ये मात्र ट्राममधील आसने वंशानुसार विभागणारा नगरपालिकेचा उपविधी आला व त्याविरुद्ध कृष्णवर्णीय नागरिकांनी बहिष्कार पुकारला. १९५५ च्या आंदोलनास या शहरात अर्धशतकापूर्वीची परंपरा होती, हे यावरून लक्षात येते.

शासकीय महाविद्यालय आणि बस-बहिष्कार

आजचे अलाबामा स्टेट विद्यापीठ १८६७ मध्ये मॅरियन या गावी शाळा म्हणून सुरू झाले व १८८७ मध्ये माँटगोमेरीस आले. कृष्णवर्णीय शिक्षक घडविणारी ही संस्था राज्याच्या निधीवर अवलंबून होती. निधी देणारे विधिमंडळ मात्र केवळ गोऱ्यांचे होते. संस्थेच्या सर्व अडचणींचे मूळ या विसंगतीत होते.

या महाविद्यालयातील इंग्रजी विभागप्रमुख मेरी फेअर बर्क्स यांनी १९४६ मध्ये ‘विमेन्स पोलिटिकल कौन्सिल’ ही स्त्रियांची संघटना स्थापन केली. त्याच विभागातील प्राध्यापिका जो अ‍ॅन रॉबिन्सन यांचा १९४९ मध्ये बसचालकाकडून अपमान झाला होता. पुढे त्या संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. मे १९५४ मध्ये त्यांनी महापौरांना पत्र पाठविले. बसप्रवाशांपैकी तीनचतुर्थांश कृष्णवर्णीय आहेत आणि वागणूक न सुधारल्यास बहिष्काराचा विचार होत आहे, असे त्यात संयत शब्दांत नमूद केले होते.

१ डिसेंबर १९५५ रोजी गोऱ्या प्रवाशासाठी आसन न सोडल्याबद्दल रोझा पार्क्स यांना अटक झाली. त्याच रात्री रॉबिन्सन महाविद्यालयात गेल्या. वाणिज्य विभागातील एक सहकारी आणि दोन विद्यार्थी यांच्या साह्याने त्यांनी पहाटेपर्यंत हजारो पत्रके सायक्लोस्टाइल केली आणि दुसऱ्या दिवशी ती शहरभर वाटण्यात आली. महाविद्यालयाच्या यंत्राचा असा उपयोग झाल्याचे समजताच प्राचार्य ट्रेनहोम प्रथम संतापले. तथापि सर्व हकीकत ऐकल्यावर त्यांनी सावध राहण्याचा व पडद्याआड राहून कार्य करण्याचा सल्ला दिला. रॉबिन्सन यांनी वापरलेल्या कागदाची किंमत स्वतः भरली. संस्थेचे हित आणि सद्सद्विवेक यांच्या कात्रीत सापडलेल्या प्राचार्यांची अवस्था या प्रसंगातून दिसते.

५ डिसेंबर रोजी बहिष्कारास प्रारंभ झाला. त्याच दिवशी स्थापन झालेल्या ‘माँटगोमेरी इम्प्रूव्हमेंट असोसिएशन’चे अध्यक्षपद विधानभवनानजीकच्या डेक्स्टर अ‍ॅव्हेन्यू चर्चचे तरुण धर्मोपदेशक मार्टिन ल्यूथर किंग यांच्याकडे आले. खासगी मोटारींची पर्यायी वाहतूक, नियमित सभा आणि वर्गणी यांच्या बळावर हा बहिष्कार ३८१ दिवस टिकला. त्याच महिन्यात ज्युलिएट मॉर्गन या गोऱ्या ग्रंथपाल महिलेने स्थानिक वृत्तपत्रास पत्र लिहून या आंदोलनाची तुलना महात्मा गांधींच्या दांडीयात्रेशी केली. त्याबद्दल तिला इतका छळ सोसावा लागला की, १९५७ मध्ये तिच्या जीवनाचा करुण अंत झाला. शहराच्या मुख्य ग्रंथालयास २००५ मध्ये तिचे नाव देण्यात आले.

न्यायालयीन लढा फ्रेड ग्रे या तरुण वकिलाने चालविला. ते याच महाविद्यालयाचे पदवीधर होते. अलाबामातील विधी महाविद्यालयाची दारे बंद असल्याने त्यांना ओहायो राज्यात जाऊन कायद्याचे शिक्षण घ्यावे लागले होते. चार कृष्णवर्णीय स्त्रियांच्या वतीने त्यांनी दाखल केलेल्या ‘ब्राउडर विरुद्ध गेल’ या खटल्यात जून १९५६ मध्ये संघीय न्यायालयाने बसमधील वंशभेद घटनाबाह्य ठरविला. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय कायम केला आणि २१ डिसेंबर १९५६ पासून बसमधील भेद संपुष्टात आला.

सत्तेची प्रतिक्रिया

या विजयानंतर राज्यसत्ता अधिक कठोर झाली. सार्वजनिक उद्याने सर्वांना खुली करावी लागतील असे दिसताच शहराने १९५९ च्या प्रारंभी सर्व उद्यानेच बंद केली. १९६५ मध्ये ती पुन्हा उघडली. परंतु ओक पार्कमधील बुजविलेला जलतरण तलाव परत झाला नाही. समान वाटप टाळण्यासाठी सार्वजनिक सुविधाच नष्ट करण्याच्या धोरणाचे हे बोलके उदाहरण होय.

महाविद्यालयावरील कारवाई १९६० मध्ये झाली. २५ फेब्रुवारी रोजी विद्यार्थ्यांच्या एका गटाने जिल्हा न्यायालयाच्या इमारतीतील केवळ गोऱ्यांसाठी असलेल्या उपाहारगृहात शांतपणे सेवा मागितली. गव्हर्नर हे राज्य शिक्षण मंडळाचे पदसिद्ध अध्यक्ष होते. त्यांच्या आग्रहानुसार नऊ विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांना आरोप कळविले गेले नाहीत व त्यांची बाजूही ऐकली गेली नाही. त्याच वर्षी इतिहास विभागप्रमुख लॉरेन्स रेडिक यांना सेवेतून दूर करण्यात आले. १९५९ मध्ये किंग पतिपत्नींसमवेत भारताच्या दौऱ्यावर आलेले अभ्यासक ते हेच. या दौऱ्यात मुंबईत किंग यांचा मुक्काम मणिभवन येथे झाला होता. सततच्या दबावामुळे रॉबिन्सन, बर्क्स यांसारख्या प्राध्यापकांनीही महाविद्यालय सोडले.

काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांचे वकील पुन्हा फ्रेड ग्रे हेच होते. ‘डिक्सन विरुद्ध अलाबामा राज्य शिक्षण मंडळ’ या खटल्यात ऑगस्ट १९६१ मध्ये संघीय अपील न्यायालयाने महत्त्वपूर्ण निर्णय दिला. शासकीय महाविद्यालयातून विद्यार्थ्यास गैरवर्तनाबद्दल काढण्यापूर्वी त्यास आरोपांची सूचना आणि बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. भारतीय परिभाषेत सांगावयाचे तर, नैसर्गिक न्यायाचे तत्त्व तेथील महाविद्यालयीन शिस्तीस लागू झाले. अमेरिकेतील शासकीय महाविद्यालयांचे शिस्तविषयक नियम पुढे या निर्णयाच्या आधारे घडत गेले. एका उपाहारगृहातील घटनेतून सर्व विद्यार्थ्यांना हे संरक्षण लाभले, ही बाब उच्च शिक्षणाच्या अभ्यासकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे.

मार्च १९६५ मध्ये सेल्मा येथून निघालेली मताधिकार पदयात्रा २५ तारखेस विधानभवनासमोर पोहोचली, तेव्हा सुमारे पंचवीस हजार लोक उपस्थित होते. डेव्हिस यांनी जेथे शपथ घेतली होती, त्याच वास्तूसमोर किंग यांचे भाषण झाले. त्याच वर्षी ६ ऑगस्ट रोजी मताधिकार कायदा संमत झाला.

वर्तमान स्थिती

आज शहराच्या अर्थव्यवस्थेचे प्रमुख आधार तीन आहेत : राज्य शासनाची कार्यालये, मॅक्सवेल हवाई दलाचा तळ आणि मोटारनिर्मिती. मॅक्सवेलच्या जागी १९१० मध्ये राइट बंधूंनी वैमानिक प्रशिक्षणाची शाळा चालविली होती. १९४६ पासून तेथे हवाई दलाचे विद्यापीठ आहे. ह्युंदाई या कोरियन कंपनीच्या कारखान्यात २००५ मध्ये उत्पादन सुरू झाले.

यांच्या जोडीला आता स्मृतिस्थळांचा पर्यटन व्यवसाय वाढला आहे. १९८९ मध्ये माया लिन यांनी रचलेले नागरी हक्क स्मारक उभे राहिले. २००० मध्ये रोझा पार्क्स संग्रहालय सुरू झाले. २०१८ मध्ये ब्रायन स्टीव्हन्सन यांच्या संस्थेने जमावाच्या हिंसेत बळी पडलेल्या कृष्णवर्णीयांचे स्मारक उभारले. त्यात आठशेहून अधिक पोलादी स्तंभांवर जिल्हावार नावे कोरली आहेत. २०१९ मध्ये स्टीव्हन रीड हे शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर निवडून आले. २०२१ मध्ये जेफर्सन डेव्हिस यांच्या नावाचा रस्ता फ्रेड ग्रे यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याच रस्त्यावर ग्रे यांचे बालपण गेले होते. राज्याने २०१८ मध्ये १९६० च्या त्या विद्यार्थ्यांच्या नोंदींतून कारवाईचा उल्लेख काढून टाकला. तोपर्यंत अठ्ठावन्न वर्षे लोटली होती.

असे असले तरी, स्मारकांमुळे विषमता संपली असे म्हणता येत नाही. १९६० च्या दशकातील महामार्गांनी कृष्णवर्णीयांच्या वस्त्या विभागल्या. गोरा मध्यमवर्ग शहराच्या पूर्व भागाकडे व उपनगरांकडे सरकला आणि अनेक कुटुंबांनी आपली मुले खासगी शाळांत घातली. कायद्याने संपलेला भेद वस्ती आणि शाळा यांच्या रूपाने काही अंशी शिल्लक राहिला आहे.

समारोप

माँटगोमेरीच्या इतिहासातून एक बाब प्रकर्षाने पुढे येते. राजधानीचे शहर असल्यामुळे तेथे अन्याय करणारी सत्ता आणि न्याय मागणारे नागरिक एकमेकांच्या दृष्टिपथात होते. शासकीय महाविद्यालय या दोहोंच्या मध्ये उभे होते. संस्थेने अधिकृतपणे कोणतीही भूमिका घेतली नाही, किंबहुना तिला ती घेता आली नाही. जी भूमिका घेतली गेली ती व्यक्तींनी घेतली आणि तिची किंमतही व्यक्तींनीच मोजली. रॉबिन्सन, रेडिक व ते नऊ विद्यार्थी यांना महाविद्यालय सोडावे लागले. परंतु त्यांच्यामुळे बसमधील आसन आणि वर्गातील स्थान या दोन्ही गोष्टी कायद्याच्या संरक्षणाखाली आल्या. शिक्षणसंस्थेचे अनुदान कोण देतो, या प्रश्नाइतकाच त्या संस्थेतील माणसे आपले उत्तरदायित्व कोणाप्रती मानतात, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे, हे या मध्यम आकाराच्या राजधानीच्या अभ्यासातून स्पष्ट होते.