बंधुप्रेमाची कसोटी

योहानाच्या पहिल्या पत्रात एक रोखठोक विचार मांडलेला आहे. डोळ्यांपुढच्या भावावर ज्याला प्रीती करता येत नाही, त्याने अदृश्य देवावर आपली प्रीती असल्याचे सांगणे फोल होय, असा त्याचा आशय आहे. येथे ‘भाऊ’ म्हणजे प्रथमतः त्याच मंडळीतील सहविश्वासी. भक्तीची कसोटी अशी उपासनामंदिराबाहेर, रोजच्या व्यवहारात लागते.

आरंभीच्या मंडळीने या प्रीतीला आर्थिक रूप दिले होते. यरुशलेममधील गरीब विश्वासीयांसाठी पौलाने मासेदोनिया व अखया या प्रांतांत निधी गोळा केला. देणारे बहुतांशी यहुदीतर, तर घेणारे यहुदी. तरीही हा निधी पोहोचविणे त्याला धर्मकार्यच वाटले. उलट करिंथ येथे प्रभुभोजनाच्या वेळी सधनांनी आधीच जेवून घ्यावे आणि निर्धनांनी उपाशी राहावे, असा प्रकार घडला. तेव्हा हे प्रभूचे भोजनच नव्हे, असे पौलाने बजावले.

भारतात हा प्रश्न जातीच्या रूपाने उभा राहतो. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला. पुढे 1956 मध्ये शिखांचा आणि 1990 मध्ये बौद्धांचा समावेश झाला. दलित ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. मद्रासमध्ये रस्त्याच्या कडेला पादत्राणे दुरुस्त करणाऱ्या एका ख्रिस्ती चर्मकाराने या भेदाविरुद्ध दाद मागितली. 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. धर्मांतरानंतर ख्रिस्ती समाजातही तितक्याच तीव्रतेच्या सामाजिक व आर्थिक अक्षमता भोगाव्या लागतात, हे सिद्ध झाले पाहिजे, अशी न्यायालयाची अपेक्षा होती.

या अपेक्षेत चर्चपुढचे अवघड कोडे दडलेले आहे. दलित ख्रिस्ती बांधवांना न्याय मिळवून द्यायचा, तर आपल्याच घरात बंधुप्रेम अपुरे पडले याची साक्ष द्यावी लागते. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने 2016 मध्ये दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर करताना अस्पृश्यता चर्चमध्येही असल्याची कबुली दिली, हे प्रामाणिकपणाचे होते. तामिळनाडूतील काही गावांत दफनभूमीतही जातीची भिंत उभी राहिली, यावरून या व्याधीची खोली कळते. 2022 मध्ये हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले. ही घटना स्वागतार्ह खरी. परंतु शिखरावरील एका नेमणुकीने पायथ्याची विषमता आपोआप मिटत नाही.

महाराष्ट्रापुढे या संदर्भात एक उजळ उदाहरण आहे. ना. वा. टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाईंच्या मनावर सोवळ्याओवळ्याचा पगडा होता. परंतु बाप्तिस्मा घेण्यापूर्वीच त्यांनी जातिभेद मनातून दूर केला. उंचनीचता माणसाने निर्माण केली, देवाने नव्हे, हे उमजल्यावर कोणाच्याही हातचे अन्नपाणी त्यांना वर्ज्य राहिले नाही. प्रीतीचा आरंभ पंगतीपासून झाला.

बंधुप्रेमाचा हा आग्रह संकुचित आहे, असा आक्षेप येऊ शकतो. तथापि, जो घरात समता पाळू शकत नाही, त्याच्या जगावरील प्रेमावर कोण विश्वास ठेवणार? सवलतींबाबत धर्मावरून भेद करू नये, हे शासनाला सांगणे योग्यच आहे. परंतु त्या निर्णयाची वाट पाहण्याचे कारण चर्चला नाही. शाळा, महाविद्यालये आणि रुग्णालये त्याच्या हाती आहेत. तेथील प्रवेश, नोकऱ्या आणि अधिकारपदे यांत दुर्बल बांधवाचा वाटा किती, याचा हिशेब प्रत्येक मंडळीने दरवर्षी आपल्या सभासदांपुढे मांडावा. योहानाची कसोटी त्या हिशेबालाही लागू आहे.