खाऱ्या हवेतील नभोवाणी-संचासाठी घरगुती पेटी

सुटे भाग जोडून तयार करावयाचा लहान नभोवाणी-संच विकत मिळतो तो पुष्कळदा पेटीविना. मंडलाची पट्टी, तारेचे वेटोळे चढविलेली फेराइटची दांडी, चल धारित्र आणि लहानसा कर्णा एवढे साहित्य हाती येते. त्यास आवरण करण्याचे काम जोडणाऱ्यावर सोपविलेले असते. पेटी ही केवळ शोभेची वस्तू होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु ती यथार्थ नाही. पेटी कोणत्या द्रव्याची आहे आणि ती कितपत हवाबंद आहे, या दोन गोष्टींवर संचाचे ग्रहण व आयुष्य ही दोन्ही अवलंबून असतात. मालवणनजीकच्या तारकर्लीसारख्या गावी याचा प्रत्यय विशेष येतो.

तारकर्लीच्या एका बाजूस अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूस कर्ली नदीची खाडी आहे. लाटा फुटताना उडणारे सूक्ष्म तुषार वाऱ्याबरोबर घरांपर्यंत येतात. त्यांतील पाणी उडून जाते व क्षार मागे राहतात. शुद्ध मीठ सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेस पाझरू लागते. परंतु समुद्री क्षारांत मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते सुमारे ३३ टक्के आर्द्रतेतच ओलावा शोषून विरघळते. त्यामुळे मंडलावर बसलेला क्षारांचा थर उन्हाळ्यातही पुरता सुकत नाही. हा ओलसर थर विद्युत्‌वाहक असतो. त्यातून विद्युत्‌प्रवाहाची गळती होते आणि तांब्याच्या रेषांवर हिरवट गंज चढतो.

हा प्रश्न केवळ हौसेचा नव्हे. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरील वीजपुरवठा खंडित झाला होता. अशा प्रसंगी विद्युत्‌घटांवर चालणारा लहान संच हवामानाची वार्ता देऊ शकतो. मात्र वर्षभर फळीवर ठेवलेला संच नेमका त्याच दिवशी मुका निघाला, तर त्याचा उपयोग तो काय?

प्रथम द्रव्याचा विचार करू. गंजापासून बचाव व्हावा म्हणून अॅल्युमिनियमची पेटी करण्याचा मोह होतो. परंतु मध्यम लहरींच्या संचात फेराइटची दांडी हीच आकाशक असते, आणि दहा लक्ष हर्ट्झ कंप्रतेस अॅल्युमिनियममध्ये सुमारे ०.०८ मिलिमीटर खोलीवरच क्षेत्राची तीव्रता जवळजवळ एकतृतीयांशावर येते. साहजिकच साधा पत्राही केंद्राचा संदेश अडवून धरतो. शिवाय वेटोळ्यालगतच्या धातूमुळे त्याचे प्रवर्तकत्व घटते आणि तबकडीवरील केंद्रांच्या जागा सरकतात. ज्या संचाचा आकाशक बाहेर तारेच्या रूपाने असतो, त्यास मात्र धातूची पेटी योग्य ठरते. येथे लाकूडच हवे.

कोकणातील घरबांधणीत सागवान व फणस ही लाकडे परिचित आहेत, आणि दोन्ही या कामास चालतात. ती न मिळाल्यास नौकांसाठी वापरतात त्या प्रतीचे प्लायवुड घ्यावे. फळीची जाडी ९ मिलिमीटर पुरे. आतील माप १८ × ११ × ७ सेंटिमीटर ठेवल्यास १० सेंटिमीटरांची दांडी, मंडल आणि साडेसात सेंटिमीटर व्यासाचा कर्णा सुखाने बसतात. सांधे सरसाने जोडून पितळी स्क्रूंनी आवळावेत. स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडल्यास फळी चिरत नाही. लाखेचे पॉलिश ओलाव्याने पांढरे पडते, म्हणून व्हार्निश वापरावे, आणि ते आतूनही द्यावे. एकाच बाजूस दिल्यास दोन्ही बाजू असमान ओलावा घेतात व फळी वाकते.

आता हवाबंदपणाचा हिशेब पाहू. वरील पेटीत सुमारे १.४ लिटर हवा मावते. ३० अंश सेल्सिअसला पूर्ण दमट हवेच्या एका घनमीटरात सुमारे ३० ग्रॅम बाष्प असते. म्हणजे पेटीतील हवेत ते अवघे ४२ मिलिग्रॅम असेल. दिवसरात्रीच्या तापमानात १० अंशांचा फरक धरला, तर हवेचा तिसावा हिस्सा, म्हणजे सुमारे ४६ घनसेंटिमीटर, रोज आतबाहेर करतो. त्याबरोबर दीड मिलिग्रॅमहून कमी बाष्प आत येते. वर्षाचे अर्धा ग्रॅम. आत ठेवलेली २० ग्रॅम सिलिका जेल सहज ५ ग्रॅम पाणी शोषू शकते. परंतु एखादी फट राहिली की वारा सतत नवी हवा आणतो आणि हा सारा हिशेब कोसळतो. म्हणून झाकणाखाली रबराची पट्टी बसवावी, धारित्राच्या दांड्याभोवती वंगण लावलेली नमद्याची चकती घालावी आणि कर्णा कागदी पडद्याऐवजी प्लास्टिकच्या पडद्याचा घ्यावा. विद्युत्‌घटांचा कप्पा निराळा असावा. घट पाझरल्यास मंडल वाचते.

फेराइटची दांडी पेटीच्या वरच्या अंगास, दर्शनी फळीशी समांतर आणि कर्ण्याच्या चुंबकापासून दूर बसवावी. दांडी केंद्राच्या दिशेशी काटकोनात असता ग्रहण सर्वांत चांगले होते. तारकर्लीहून मुंबई व रत्नागिरी साधारणतः उत्तरेस आणि पणजी दक्षिणेस आहे. सबब दांडी पूर्वपश्चिम ठेवली असता तिन्ही दिशा साधतात. तेव्हा कर्ण्याचे तोंड उत्तरेस वा दक्षिणेस येते आणि पश्चिमेचा खारा वारा त्यावर सरळ आदळत नाही.

पेटी बंद करण्यापूर्वी संच लावून केंद्रांच्या जागा टिपून ठेवाव्यात व बंद केल्यावर पुन्हा पडताळाव्यात. जागा सरकल्या असतील, तर धातूचा एखादा भाग दांडीच्या फार जवळ आला आहे असे समजावे. संच वापरात नसता घट काढून ठेवावेत. मात्र महिन्यातून एकदा ते घालून संच वाजवून पाहावा, आणि पावसाळा सरताच सिलिका जेल तापवून कोरडी करावी.