काळ्या जमिनीवर शहाबादी फरशीचे खळे : आधी पाया, मग फरशी

सोयाबीन, तूर, हळद घरी आली की प्रश्न पडतो तो वाळवणाच्या जागेचा. मातीवर वाळवलेल्या मालात खडे येतात, रात्रीची ओल धरते आणि बुरशीचा धोका वाढतो. म्हणून अनेक शेतकरी घरापुढे शहाबादी फरशी बसवून घेतात. मात्र काळ्या जमिनीवर दोन-तीन पावसाळ्यांत फरशी हलते, मध्येच फुगते, दरजा उघडतात. दोष बहुतेक वेळा फरशीचा नसतो, तिच्याखालच्या मातीचा असतो.

असे का होते?

काळ्या मातीतील चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. हा जोर वरच्या दगडाला पेलत नाही. त्यामुळे दोन गोष्टी कराव्या लागतात : फरशीखालची काळी माती काढणे आणि उरलेल्या मातीपर्यंत पाणी जाऊ न देणे.

दगडाची निवड

शहाबादी हा कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबाद परिसरातला थरांचा चुनखडक आहे. खळ्यासाठी पॉलिश न केलेली, सव्वा ते दीड इंच जाडीची, कडा कापलेली फरशी घ्यावी. पॉलिश केलेली फरशी पावसात निसरडी होते. प्रत्येक फरशी वाजवून पाहावी. आवाज खणखणीत असावा. भद्द आवाज आल्यास आत चीर किंवा सुटलेला थर असू शकतो.

साहित्य (२० × १५ फूट, म्हणजे ३०० चौरस फुटांसाठी अंदाजे)

- २ × २ फुटी फरशी : ७५ नग, तूटफूट धरून ८० ते ८२
- मुरूम : दबल्यावर अडीच ब्रास, म्हणून सैल सुमारे सव्वातीन ब्रास
- खडी : पाऊण ब्रास
- वाळू किंवा क्रश सँड : पाऊण ते एक ब्रास
- सिमेंट : सुमारे १५ गोण्या
- कडेच्या बांधणीसाठी विटा किंवा दगड वेगळे

काम कसे करावे?

१. वेळ : डिसेंबर-जानेवारीत, जमीन वाफशावर असताना खोदाई करावी. मे महिन्यात भेगाळलेल्या जमिनीवर काम केल्यास पहिल्याच पावसात माती फुगून फरशी उचलते.

२. खोदाई : पाणी ज्या बाजूला काढायचे तिकडे १ फूट आणि घराकडे ९ इंच खोदावे. म्हणजे १५ फुटांत ३ इंच ढाळ तळापासूनच मिळतो. वर मसाला कमी-जास्त करून ढाळ काढू नये.

३. मुरूम : १० इंच जाडीचा भराव तीन थरांत करावा. प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसाने चोपावे. एकदम ट्रॉली ओतून वरून चोपले तर खालचा मुरूम सैलच राहतो आणि पुढे बसतो.

४. काँक्रीट : १:४:८ प्रमाणाचा ३ इंच थर द्यावा. त्यावर सात दिवस पाणी मारावे.

५. फरशी : १:६ मसाल्याच्या दीड इंच थरावर, खाली सिमेंटची रबडी ओतून फरशी बसवावी. चारही कोपऱ्यांखाली मसाला भरलेला हवा. पोकळ राहिलेला कोपरा पोत्याचा भार पडताच तुटतो. दरजा पाव इंच ठेवून १:३ मसाल्याने फरशीच्या पातळीपर्यंत भराव्यात, म्हणजे दाणे अडकत नाहीत. घराच्या भिंतीलगत अर्धा इंच फट ठेवून ती डांबराने भरावी.

६. कड : चारही बाजूंनी खोदाईच्या तळापासून सिमेंटमध्ये वीट किंवा दगडाची कड बांधावी. बाजूचे पाणी मुरमात शिरू नये, यासाठी हा खर्च टाळू नका.

पाण्याची वाट

वळचणीचे आणि न्हाणीचे पाणी खळ्याच्या कडेला मुरू देऊ नका. पन्हळ किंवा नाली काढून ते दूर सोडा. काम संपल्यावर घागरभर पाणी ओतून पाहा. ते कुठेही न साचता वाहून गेले पाहिजे. गवंड्याचा हिशेब चुकता करण्याआधी ही तपासणी करा.

वापरताना घ्यायची काळजी

- काम झाल्यावर दोन आठवडे तरी जड माल टाकू नये. ही फरशी ट्रॅक्टर-ट्रॉलीसाठी नाही. गाडीची वाट बाजूने ठेवा.
- शिजवलेली हळद दोन-तीन इंच थरात पसरावी. साधारण १० ते १५ दिवसांत ती वाळते.
- साठवणीचे सोयाबीन १० ते १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवावे.
- घरचे सोयाबीन बियाणे दुपारच्या तापलेल्या फरशीवर वाळवू नका. त्याचे साल नाजूक असते; जास्त उष्णतेने उगवण घटते. ताडपत्री अंथरून सकाळच्या कोवळ्या उन्हात किंवा सावलीत पातळ पसरा.
- चुनखडक आम्लाने खातो. सिमेंटचे डाग काढायला अ‍ॅसिड वापरू नका. ओले असतानाच पुसून घ्या.
- खळ्यावर कीटकनाशक कालवू नका, पंप धुऊ नका. सांडलेले औषध दगडात आणि दरजांत मुरते आणि त्याच जागी तुमचे धान्य पसरणार असते.

पैसे कमी पडत असतील तर मुरमाचा थर कमी करण्याऐवजी खळ्याचे क्षेत्र कमी करा. पक्क्या पायावरचे लहान खळे पुढच्या हंगामात वाढवता येते. कच्च्या पायावरचे मोठे खळे मात्र पुन्हा उखडूनच करावे लागते.