मेरुरज्जूच्या इजेनंतरचे पुनर्वसन

मेरुरज्जूच्या इजेनंतरचे पुनर्वसन ही पाठीच्या कण्यातील मेरुरज्जू (मज्जारज्जू) दुखावलेल्या व्यक्तीस शक्य तितके स्वावलंबी जीवन परत मिळवून देणारी वैद्यकीय व सामाजिक प्रक्रिया आहे. अशा इजेमुळे हालचाल, संवेदना आणि मलमूत्रविसर्जनावरील नियंत्रण अंशतः किंवा पूर्णतः नाहीसे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ मधील माहितीनुसार जगात दीड कोटीहून अधिक लोक अशा इजेसह जगत आहेत. उंचावरून पडणे व रस्त्यावरील अपघात ही तिची प्रमुख कारणे होत. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर धावत्या गाडीतून पडूनही अशी इजा होते.

इजेचे स्वरूप

मेरुरज्जूतून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात. इजा ज्या पातळीवर होते, तिच्या खालील अवयवांवर परिणाम होतो. मानेत इजा झाल्यास चारही अवयव (चतुरंगघात) आणि छातीच्या किंवा कमरेच्या भागात झाल्यास पाय (अधरांगघात) लुळे पडतात. मानेच्या वरच्या भागातील इजेत श्वसनही बंद पडू शकते.

इजेची तीव्रता अ ते इ अशा पाच श्रेणींत मोजतात. गुदद्वाराजवळची संवेदना किंवा तेथील स्नायूची हालचाल शिल्लक असेल तर ती ‘अपूर्ण’ इजा मानली जाते. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण अपूर्ण इजेत सुधारणेची शक्यता बरीच अधिक असते. नैसर्गिक सुधारणेचा मोठा भाग पहिल्या सहा ते नऊ महिन्यांत होतो. त्यानंतर तिचा वेग मंदावतो.

तातडीचे उपचार

अपघातग्रस्तास हातापायांना धरून उचलल्यास तुटलेल्या मणक्यांमुळे मेरुरज्जूला आणखी इजा होऊ शकते. म्हणून मान व पाठ एका रेषेत स्थिर ठेवून, अनेकांनी मिळून, कडक फळीवर घेणे आवश्यक असते. मेरुरज्जूवरील दाब २४ तासांच्या आत शस्त्रक्रियेने दूर केल्यास मानेच्या इजेत सुधारणेची शक्यता वाढते, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतील अभ्यासात आढळले.

पुनर्वसनाची पद्धत

दुसऱ्या महायुद्धापूर्वी असे बहुतेक रुग्ण शय्याव्रण आणि मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गामुळे अल्पकाळात दगावत. लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे स्वतंत्र विभाग सुरू केला. दर दोन तासांनी कूस बदलणे, मूत्राशयाची काळजी, व्यायाम, खेळ आणि व्यवसायशिक्षण यांच्या आधारे त्यांनी हे चित्र पालटले. त्यांनी १९४८ मध्ये भरवलेल्या स्पर्धांतूनच पुढे पॅरालिंपिक चळवळ उभी राहिली.

आजही पुनर्वसनाचा पाया हाच आहे. त्वचेची रोजची तपासणी, ठरावीक वेळी कॅथेटरने लघवी काढणे, सांधे आखडू न देणे, पलंगावरून चाकाच्या खुर्चीत बसण्याचा सराव आणि मानसिक आधार ही त्याची मुख्य अंगे आहेत. हे काम डॉक्टर, परिचारिका, भौतिकोपचारतज्ज्ञ व व्यवसायोपचारतज्ज्ञ मिळून करतात. घरी गेल्यावर त्यातील बराचसा भाग रुग्ण व कुटुंबीयांनाच करावा लागतो. त्यामुळे त्यांचे शिक्षण हा उपचाराचाच भाग ठरतो.

संशोधन

प्रौढ मेरुरज्जूतील तुटलेले तंतू सहसा पुन्हा जोडले जात नाहीत. इजेच्या जागी तयार होणारा व्रण आणि तंतूंच्या आवरणातील काही प्रथिने त्यांची वाढ रोखतात. त्यामुळे अलीकडील बरेचसे संशोधन शाबूत राहिलेल्या मार्गांना पुन्हा कार्यक्षम करण्यावर केंद्रित झाले आहे. स्वित्झर्लंडमधील ग्रेगवार कुर्तीन व जोसलिन ब्लॉक यांच्या गटाने २०१८ मध्ये तीन जुन्या रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. मेरुरज्जूवर बसवलेल्या विद्युतअग्रांना सघन सरावाची जोड दिल्यावर हे रुग्ण आधाराने चालू लागले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मानेवरील त्वचेतून विद्युतउद्दीपन देण्यात आले. तीत ६० पैकी ७२ टक्के सहभागींच्या हातांची ताकद व कार्यक्षमता या दोन्हींत सुधारणा दिसली. दोन्ही प्रयोगांत उद्दीपनाइतकाच नियमित सरावही आवश्यक होता.

मूलपेशी उपचार मात्र अद्याप सिद्ध झालेले नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या विकारांसह काही मान्य आजारांखेरीज त्यांचा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो आणि चाचणीतील रुग्णाकडून त्यासाठी पैसे घेता येत नाहीत. खात्रीशीर गुण येईल या आशेवर मोठी रक्कम खर्च करण्यापूर्वी ही बाब लक्षात घेणे गरजेचे आहे.

महाराष्ट्रातील कार्य

मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ मध्ये स्थापन झाली. पुण्याजवळ खडकी येथे जायबंदी सैनिकांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. पॅराग्लायडिंगच्या अपघातात इजा झालेल्या डॉ. केतना मेहता यांनी २००१ मध्ये मुंबईत नीना फाउंडेशनची स्थापना केली.

सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अपंग झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे ५० मीटर मुक्तशैली जलतरणात सुवर्णपदक जिंकून पॅरालिंपिकमधील भारताचे पहिले सुवर्णविजेते ठरले. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री देण्यात आली.

अडचणी

पुनर्वसन दीर्घकाळ चालते, पण त्याच्या विशेष सोयी मोजक्या शहरांत एकवटल्या आहेत. पालघर जिल्ह्यातील नालासोपारा पूर्वेच्या तुळिंजसारख्या वस्तीपासून हाजी अलीची संस्था सुमारे ५० किलोमीटर दूर आहे. गर्दीच्या लोकलमधून चाकाच्या खुर्चीसह नियमित ये-जा करणे अवघड असते. चाळींतील अरुंद दारे व शौचालये आणि उद्वाहन नसलेल्या इमारतींचे जिने यांमुळे रुग्णालयात मिळवलेले स्वावलंबन घरी टिकवणे कठीण जाते. सार्वजनिक इमारती व वाहतूक अडथळामुक्त करण्याची तरतूद दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये आहे. तिची अंमलबजावणी आणि घराजवळ मिळणारे भौतिकोपचार यांवर अशा रुग्णांची पुढील प्रगती बऱ्याच अंशी अवलंबून असते.