पात्यावरचे पाणी

दिवाळी तोंडावर आली की घरोघर तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासायला निघतात. नांदेडात याच सणात शस्त्रांनाही स्नान घडते. सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यातल्या तख्तस्नानासाठी भाविक गोदावरीच्या पाण्याने घागरी भरून आणतात. तख्त धुतले जाते आणि गुरू गोविंदसिंगांची म्हणून जपलेली शस्त्रे स्वच्छ केली जातात. त्यांत तलवारी, धनुष्ये, बाण आणि ढाल यांच्या जोडीला एक सोनेरी खंजीरही आहे. १७०८ साली याच गावात गुरूंवर वार झाला तोही खंजिराचाच. जखम भरत आली होती, पण ताठ धनुष्य ओढताना ती पुन्हा उसवली, असे परंपरा सांगते.

तलवारीचे कौतुक आपल्याकडे पुष्कळ झाले; आखूड शस्त्राच्या वाट्याला ते फारसे आले नाही. वास्तविक गर्दीच्या लढाईत तलवार फिरवायला जागाच उरत नसे, तेव्हा हात कमरेला जाई. कट्यारीची मूठ पाहा. दोन समांतर दांड्या आणि मध्ये आडवी पकड. मूठ वळली की पाते मनगटाच्या सरळ रेषेत येते आणि सगळ्या खांद्याचा जोर टोकावर उतरतो. हे टोक मुद्दाम जाड ठेवीत, कारण त्याला चिलखताच्या कड्या फोडायच्या असत. बिचव्याचे पाते दोनदा वळते. अरबांचा जंबिया वाकडा आणि मधोमध कण्याचा. निजामाच्या मुलखात अरब शिपाई पुष्कळ होते. हदगावकडील नोव्हा येथे १८१९ साली नोवसाजी नाईकांच्या बाजूने जी शिबंदी लढली, तिच्यातही अरब होतेच. मराठवाड्यातल्या जुन्या घरी एखादा जंबिया निघाला तर नवल वाटू नये.

आणि पोलाद? तेही फार लांबचे नव्हते. नांदेडला लागून असलेल्या निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम् नावाचे गाव आहे. तिथे मुशीत लोखंड घालून चोवीस तास भाता चालवीत आणि पोलादाचे गोळे काढीत. ते विकत घ्यायला इराणचे व्यापारी येत. हेन्री व्हॉयसे या भूगर्भशास्त्रज्ञाने लिहिलेली ही हकीकत १८३२ साली छापली गेली. या पोलादाच्या पात्यावर हिराकसाचा हात फिरवला की पाण्याच्या लाटांसारख्या रेषा उठत. त्यांना जौहर म्हणत. पाते तापवून पाण्यात विझवतात तेही पाणी, पात्यावर झळकते तेही पाणी आणि माणसाचे जोखतात तेही पाणीच! मराठीला या शब्दाचा भारी लोभ.

हे पाणी हल्ली चाकावर उतरते आहे. माझ्या एका विद्यार्थ्याने घरची कट्यार आणून दाखवली. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी औसा-उदगीरच्या टापूत निजामाला कोंडले, त्या लढाईत पूर्वज होते अशी घरची समजूत. मुठीलगत सोन्याची बारीक अक्षरे होती, असे त्याच्या आजीबाईंना पक्के आठवत होते. ती काय सांगत होती ते कोणीच वाचून ठेवले नव्हते. खंडेनवमीला पाते कसे लखलखीत हवे म्हणून थोरल्या भावाने ते धार लावणाऱ्याकडे दिले. परत आले ते आरशासारखे. त्यात माझा चष्मा स्पष्ट दिसला. अक्षर एकही दिसले नाही. जौहर एखादे वेळी पुन्हा उठवता येतो, पण कोफ्तगरीचे सोने गेले ते गेलेच.

शस्त्र दुरुस्त करणे म्हणजे नवे करणे नव्हे. लाल गंज खातो, तो काढावा. जुना काळसर थर पात्याचे रक्षणच करतो, त्याला हात लावू नये. शिलाईयंत्राचे तेल लावून दोन दिवस ठेवावे, गंज मऊ झाला की बांबूच्या कामटीने हलके खरवडावे, मऊ फडक्याने पुसावे. लिंबू नको, विटेची पूड नको, पॉलिशकागद तर मुळीच नको. चामड्याच्या म्यानात पाते घालून ठेवू नये. चामडे ओल धरते आणि कमावताना त्यात मुरलेली द्रव्ये लोखंडाला बाधतात. पात्यावर पन्हळी दिसल्या तर त्या बुजवू नयेत: मोडक्या फिरंगी तलवारीच्या तुकड्यापासूनही कट्यारी करीत, आणि ती पन्हळ हीच त्याची साक्ष. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने परदेशी नेता येत नाही, हेही परदेशातल्या भाच्याला भेट देण्यापूर्वी ध्यानात असावे.

या कामाला आपल्याकडे ‘शिकल’ असा शब्द होता आणि ते करणारा तो शिकलगार. महाराष्ट्रात हे आडनाव अजून पुष्कळ आढळते, आणि नांदेडात शिकलगार शिखांची वस्तीही आहे. त्यांच्यातले अनेक जण आता किल्ल्या, कढया आणि बादल्या करून पोट भरतात. कट्यार घेऊन त्यांच्याकडे कोण येणार? आलाच कोणी, तर बहुधा एवढेच सांगतो की, चमकवून द्या.