फास्ट लोकलमधून स्लो मोशन

छत्तीस सेकंदांचं दादर आमच्या घरच्या टीव्हीवर जवळपास पाच मिनिटं चालतं. मी काही विशेष करत नाही. लोकल फलाटात शिरायला लागली की खिडकीशी फोन धरतो, मोटरमन ब्रेक लावतो, गाडी थांबते, मी बटण बंद करतो. पण फोन त्या वेळात सेकंदाला २४० फ्रेम टिपत असतो आणि टीव्ही त्या सेकंदाला ३०च दाखवतो. एका सेकंदाचे आठ होतात. ज्या फलाटावर मी सव्वीस वर्षं रोज उतरलो, चेंगरलो, एकदा चप्पल हरवून बसलो, तो फलाट मी पहिल्यांदा धड पाहिला तो असा.

यातली गंमत कळायला थोडं पाढ्यांचं गणित लागतं. लोकल ताशी ४० किलोमीटरनं फलाटाशी समांतर चालली आहे असं धरा. आठानं भागा. ५ उरले. म्हणजे पडद्यावर आपण झपझप चालणाऱ्या माणसाच्या वेगानं फलाटावरून निघालो आहोत. पण फलाटावरची माणसंही आधीपासून ताशी पाचनंच चालत होती. त्यांनाही आठानं भागावं लागतं, आणि मग त्यांच्या वाट्याला जेमतेम सव्वासहाशे मीटर येतात, तेही तासाला! पाऊल उचललेलं आहे, टेकायला तयार नाही. गाडीचा वेग उतरून आपल्या चालीवर आला आणि माणसांची चाल उतरून पुतळ्यावर गेली. सगळं गाव थिजलं आहे आणि त्यातून आपण एकटेच फिरायला निघालो आहोत.

हे चालत्या गाडीतूनच होतं. तोच फोन घेऊन फलाटावर उभे राहा आणि गर्दी टिपा. हाती लागेल ती फक्त हळू चालणारी गर्दी, शांपूच्या जाहिरातीतल्या केसांसारखी. दोन मिनिटांत जांभई येते. मजा आहे ती दोन वेगांच्या भागाकारात.

इतिहासाचं देणं एका परिच्छेदात फेडून टाकतो. सिनेमा आणि रेल्वे जन्मापासूनचे सोबती. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंची चित्रं दाखवली गेली, त्यात स्टेशनात येणारी आगगाडी होती. त्याच वर्षी त्यांचा छायाचित्रकार प्रोमियो यानं व्हेनिसच्या होडीत कॅमेरा ठेवून तीर सरकताना टिपला. लगोलग लोक इंजिनाच्या नाकाडावर कॅमेरे बांधू लागले. स्लो मोशनची युक्ती ऑगस्ट मुसगर या ऑस्ट्रियातल्या धर्मगुरूची, पेटंट १९०४चं. झालं.

आता मूळ विषय, म्हणजे फलाट.

बर्लिनमध्ये राहणाऱ्या आदाम माग्यार या हंगेरियन कलावंताची ‘स्टेनलेस’ नावाची चित्रफीत-मालिका आहे. भुयारी गाडी स्टेशनात शिरताना त्यानं औद्योगिक हाय-स्पीड कॅमेऱ्यानं फलाट टिपला. आलेक्झांडरप्लाट्झची कृष्णधवल फीत मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा जेवायचं ताट तसंच राहिलं. जेमी नेअर्स यांचा २०११चा ‘स्ट्रीट’ही याच कुळातला, फक्त तिथे गाडी रेल्वेची नसून मोटार आहे आणि फलाटाऐवजी मॅनहॅटनचे रस्ते, एकसष्ट मिनिटं. दोन्ही थोर. तरीही मी दादरच्या बाजूनं मत देईन, आणि ते केवळ अभिमानापोटी नव्हे. बर्लिनचे लोक गाडी थांबण्याची वाट बघत उभे असतात. कोणी फोनकडे, कोणी शून्यात. सुंदर, पण उभे. दादरचा माणूस गाडी थांबण्याची वाट बघत नसतो, तो गाडीवर नेम धरत असतो. पाठीवरची सॅक पोटाशी आलेली असते. चष्मा खिशात गेलेला असतो. एक खांदा पुढे, एक टाच वर, आणि नजर आपल्यावर नाही तर आपल्या मागून येणाऱ्या दारावर. आठपट संथ केल्यावर ती नजर दारासोबत सरकताना दिसते, एकामागून एक, पंचवीस माणसांची. सव्वीस वर्षं मीही तसाच बघत असणार. स्वतःचा तो चेहरा माणसाला आरशात कधी दिसत नाही.

सगळ्यात विलक्षण असतात ती गाडीबरोबर धावणारी माणसं. गाडी पुरती थांबायच्या आत आत घुसायचं म्हणून दोन-तीन वीर फलाटावरून तिच्या जोडीनं पळतात. पडद्यावर बाकी सगळा फलाट डावीकडे वाहत जातो (मी डावीकडच्या खिडकीतून टिपतो), आणि हा एकटा माणूस चौकटीत जागच्या जागी राहतो. पाय तरंगताहेत, शर्टाची लाट सावकाश पाठीवरून जाते आहे, मागून वडापावचा स्टॉल, पाण्याचा नळ, खांब, पुन्हा खांब. त्याचा वेग आणि गाडीचा वेग एक झाला, की भागाकाराला काही उरत नाही. हे करू नये हे वेगळं सांगायला नको. टिपणाऱ्यानंही दारात लोंबकळू नये. पायरीवरून किंवा टपावरून प्रवास हा १९८९च्या रेल्वे कायद्याच्या कलम १५६खाली गुन्हा आहे, आणि रुळांजवळचे खांब कायद्यापेक्षा कडक आहेत. माझं सगळं चित्रण खिडकीच्या आतून आहे. फोन मनगटाला नाडीनं बांधलेला, हात गजांच्या आत.

पाच मिनिटांचा हिशोब राहिला. बारा डब्यांची लोकल साधारण अडीचशे मीटर. ती ताशी ५० नं शिरली आणि एकसारखा ब्रेक लागला, तर थांबेपर्यंत छत्तीस सेकंद. आठानं गुणा: चार मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद. शेवटचे दहा मीटर सगळ्यांत लांबतात, कारण तेव्हा गाडीच रांगायला लागलेली असते. तिथे चित्रण कापावं असं माझा भाचा म्हणतो. मी कापत नाही. दार समोर आलेलं आणि अजून न थांबलेलं, तो जो काही ताण आहे तो कापायचा तर हा उद्योगच कशाला करायचा!

साधनांचं म्हणाल, तर माझी सुरुवात कॅसिओच्या एफएच-ट्वेंटीपासून झाली. २००८चा तो कॅमेरा मी नंतर जुना घेतला. सेकंदाला २१० फ्रेम मिळत, पण चित्र ४८० बाय ३६०. हजार फ्रेम हव्या तर २२४ बाय ५६ची पट्टी, म्हणजे लेटरबॉक्सच्या फटीतून जग बघण्याचा प्रकार. दोन वर्षं त्या फटीतून कुर्ला बघितलं. पुढे २०१३च्या आयफोनात १२० आणि २०१४च्या आयफोनात २४० फ्रेम आल्या आणि ज्याच्या त्याच्या खिशात हे यंत्र जाऊन बसलं. गोप्रोवाल्यांनीही तेच केलं. आज बहुतेक बऱ्या फोनांत २४०ची सोय असते. पुष्कळ लोक तिचा उपयोग कुत्रा अंग झटकताना टिपायला करतात. असो.

गजांचा त्रास होतो. आपल्या साध्या डब्यांच्या खिडक्यांना आडवे गज असतात आणि फोन बाहेरचं सोडून गजांवरच फोकस धरतो. म्हणून आधी दूरच्या कशावर तरी बोट दाबून फोकस आणि प्रकाश दोन्ही बांधून टाकावेत, भिंग दोन गजांच्या मधोमध, जितकं जवळ जाईल तितकं. एसी लोकलच्या काचेला काळं कापड लावून त्यात फोन खुपसला की आतलं प्रतिबिंब जातं. शेजारचे प्रवासी मात्र जरा सरकून बसतात. खरा शत्रू अंधार. २४० फ्रेमना प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला जास्तीत जास्त सेकंदाचा दोनशेचाळिसावा भाग येतो, आणि तेवढ्यात ताशी ४० नं जाणारी गाडी साडेचार सेंटिमीटर पुढे गेलेली असते. चेहरा पुसट होतो. शटर एक-हजारांशावर आणलं तर सेंटिमीटरभरच. पण त्याला ऊन लागतं, आणि आपले फलाट छपराखाली. म्हणून छप्पर संपून उघडा फलाट सुरू होतो तो टप्पा मी धरतो. संध्याकाळी दिव्यांखाली तर नादच सोडावा: आपल्या विजेवर पुष्कळ दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्याला कळत नाही, आठपट संथ केल्यावर सगळं स्टेशन लग्नाच्या माळांसारखं लुकलुकतं.

एक फायदा मात्र अनपेक्षित. साध्या व्हिडिओत खिडकीबाहेरचे विजेचे खांब तिरके झालेले तुम्ही पाहिले असतील. फोन चित्र एकदम न टिपता ओळीओळीनं वाचतो आणि खालची ओळ वाचेपर्यंत खांब सरकलेला असतो. स्लो मोशनमध्ये हे वाचन भराभर उरकावंच लागतं, त्यामुळे खांब बऱ्यापैकी सरळ उभे राहतात.

आता थोडं रुळांवरून घसरतो. शेजारच्या रुळांकडे फोन वळवा आणि स्लीपर मोजा. मुख्य मार्गावर किलोमीटरला १६६० स्लीपर, म्हणजे साधारण साठ सेंटिमीटरला एक. एक स्लीपर जाऊन दुसरा त्याच जागी यायला किती फ्रेम लागल्या ते पाहा आणि ५१८ला त्या आकड्यानं भागा: ताशी किलोमीटर हजर! आठ फ्रेम लागल्या तर ६५, सहा लागल्या तर ८६. फोनच्या नकाशाशी मी हे ताडून पाहिलंय, एक-दोनचा फरक. साध्या ३० फ्रेमच्या चित्रणात नेमक्या ६५ला स्लीपर जागच्या जागी गोठतात आणि त्याहून जरा कमी वेगाला उलटे चालायला लागतात. कल्याण ते कर्जत एका सहप्रवाशाला मी हे समजावून सांगितलं. तो पुढच्या दिवसापासून दुसऱ्या डब्यात बसतो.

आवाजाचंही तेच गणित आणि तिथे ते सुरेल होतं. आठपट संथ म्हणजे कंपनं एक-अष्टमांश, म्हणजे बरोबर तीन सप्तकं खाली. लोकलचा भोंगा खर्जाच्याही खाली जाऊन कुठेतरी जमिनीतून येतो. सांधे ओलांडतानाची खडखड एकेक करून सुटी होते, पखवाजावरच्या थापेसारखी. बहुतेक लोक हा आवाज काढून त्यावर पियानो घालतात. मला ते पटत नाही.

दूधसागरला जाऊन आलो का, असं हमखास विचारलं जातं. गेलो. ३१० मीटरचा धबधबा, गाडी त्याच्या कुशीतून जाते, सगळा डबा एका बाजूला. पण घाटात गाडी आधीच संथ. तिला आठानं भागलं की चित्र थांबल्यातच जमा. कापूस पिंजल्यासारखं पाणी आणि समोर उभं राहिलेलं झाड. संथ गाडीत स्लो मोशन म्हणजे वरणात पाणी. त्यापेक्षा कोकण रेल्वे पावसाळ्यात बरी: मुसळधार पावसात दिसेनासं झालं की चालकांना वेग ताशी ४० वर आणायची सूचना असते, म्हणजे आपला तो चालीचा पाच! उक्षीजवळ रानपाटचा धबधबा पहिल्या खेपेला माझा हुकला, कारण बोगदा संपताच डोळे दिपले आणि फोनचेही. दुसऱ्या खेपेला मिळाला. थेंब तिरपे, काचेच्या मण्यांसारखे सुटे, आणि त्यांच्यामागून चालत चालत निघालेलं हिरवं.

पण माझं मन लोकलमध्येच. त्यातही फास्ट लोकल. स्लो मोशनसाठी स्लो लोकल पकडू नये हा या छंदातला पहिला धडा. फास्ट गाडी छोटी स्टेशनं न थांबता ओलांडते आणि तिथली माणसं बेसावध असतात. कोणी दारावर नेम धरलेला नसतो, कारण ही गाडी त्यांची नव्हेच. ती आपापल्या विचारात उभी. लेडीज डब्याच्या जागी उभ्या असलेल्या बायकांवर मी फोन थांबू देत नाही, आणि कोणाचा चेहरा घराबाहेर दाखवत नाही. अडीचशे मीटरच्या ओघात येईल ते येईल.

तर गेल्या वर्षीचा एक रविवार. विक्रोळीला सकाळी लग्न होतं. सौ. आहेर घेऊन पुढे गेली. मी डोंबिवलीहून मागाहून निघालो आणि फास्ट पकडली, ठाण्याला उतरून स्लो घ्यायची असं ठरवून. ठाणं आलं. ऊन असं सुरेख तिरकं पडलं होतं, खिडकी माझी, डबा रिकामा. बसून राहिलो. घाटकोपरला उतरलो, उलटी स्लो धरून विक्रोळीला आलो तोवर अक्षता पडून गेल्या होत्या. ‘मेगाब्लॉक,’ मी म्हणालो. रविवारी मुंबईत एवढा एक शब्द पुरतो.

रात्री जेवणं झाल्यावर मुलीनं सवयीनं फोन टीव्हीला जोडला. सकाळचं चित्रण सुरू झालं. पिवळी पाटी आली, तीन भाषांत विक्रोळी, सावकाश डावीकडे गेली. पाटीनंतर खांब. खांबानंतर चमकीच्या कागदात गुंडाळलेला डबा, तो डबा धरलेला हात, आणि सौ. दुसऱ्या हातातल्या घड्याळाकडे बघत ती दीड सेकंद स्थिर उभी होती. जरीचा काठ वाऱ्यानं नुकता उचलला जात होता. फ्रेम अप्रतिम आली होती.

‘थांबव गं. मागे घे,’ सौ. मुलीला म्हणाली. मुलीनं मागे घेतलं. पाटी पुन्हा आली, खांब आला, डबा आला.

‘अहो,’ ती म्हणाली, ‘मेगाब्लॉक का?’